दोषारोपपत्रातला फोन टॅपिंगचा आदेश कसा तपासावा

ज्या खटल्यात टॅप केलेली संभाषणे पुरावा म्हणून येणार असतात, त्या खटल्याचे दोषारोपपत्र हाती पडले की बहुतेक वकील आधी ट्रान्सक्रिप्ट उघडतात. माझ्या पहिल्या अशा प्रकरणात मीही दोन रात्री जागून ती सगळी पाने वाचली, कोणत्या वाक्यातून काय अर्थ निघतो याची टिपणे काढली आणि तिसऱ्या दिवशी ती ज्येष्ठ वकिलांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "आदेश कितव्या पानावर आहे आणि त्याची मुदत कधी संपली?" मला उत्तर देता आले नाही. आदेश शेवटच्या खंडात होता. एकच पान, फिकट झेरॉक्स, आणि जावक क्रमांकाच्या जागी अर्धवट उमटलेला शिक्का. तेव्हापासून मी आधी आदेश वाचतो आणि मगच संभाषणांकडे वळतो. हे टिपण बचाव पक्षाच्या नवोदित वकिलांसाठी आहे. पण सहायक सरकारी वकिलांनीही ते वाचावे असे मला मनापासून वाटते, कारण यातली निम्मी कामे त्यांच्या टेबलावरच व्हायला हवीत.

या एका पानाला इतके महत्त्व का, हे आधी समजून घ्यावे. देशांतर्गत गुप्तवार्ता पाहणाऱ्या इंटेलिजन्स ब्युरोची मुळे 1887 पर्यंत जातात आणि परदेशी गुप्तवार्ता पाहणाऱ्या रॉची स्थापना 1968 ची आहे. पण या दोन्ही यंत्रणांचे अधिकार आणि मर्यादा ठरवणारा स्वतंत्र कायदा संसदेने केलेला नाही, आणि त्यांच्या कामावर देखरेख ठेवणारी कायमस्वरूपी संसदीय समितीही नाही. खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये त्यासाठी खासगी विधेयक मांडले होते, त्याचा कायदा झाला नाही. फोन टॅप करण्याची परवानगी गृह सचिव देतात आणि त्या परवानगीचा आढावा दुसरे सचिव घेतात. या साखळीत न्यायाधीश कोठेच नाही. परिणामी, सरकारबाहेरच्या माणसाची नजर त्या आदेशावर पहिल्यांदा पडते ती सामग्री तपास अधिकाऱ्यामार्फत सरकारी वकिलाकडे आणि तेथून न्यायालयात आल्यावरच. जी संभाषणे न्यायालयापर्यंत येतच नाहीत, त्यांच्या आदेशांवर ती कधीच पडत नाही. म्हणून जो आदेश समोर आला आहे तो तरी ओळीओळीने वाचावा.

आदेश कोणत्या कायद्याखालचा आहे

सुरुवात तारखेपासून करावी. 26 जून 2024 पूर्वीचा आदेश असेल तर भारतीय तार अधिनियम, 1885 चे कलम 5(2) आणि 2007 मध्ये आलेला नियम 419-अ लागू होतो. त्या दिवसापासून दूरसंचार अधिनियम, 2023 चे कलम 20(2) लागू झाले, आणि कायदेशीर संदेश-अवरोधनाचे नवे नियम 6 डिसेंबर 2024 रोजी अधिसूचित झाले. मधल्या काळात जुने नियम नव्या कायद्याशी विसंगत नसतील तेवढे चालू राहिले. संगणक किंवा ईमेलमधील मजकूर घेतला असेल तर माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 69 आणि त्याखालील 2009 चे नियम पाहावेत.

महाराष्ट्रात चौथी शक्यता असते ती मकोकाची, म्हणजे महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्याची. 1999 च्या या कायद्याची कलमे 13 ते 16 टॅपिंगची स्वतंत्र पद्धत सांगतात. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये ही कलमे राज्य विधिमंडळाच्या अधिकाराबाहेरची ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2008 रोजी भारत शांतिलाल शहा प्रकरणात ती वैध ठरवली. मकोकाचे कलम लावण्यापूर्वीच्या काळातील संभाषणे त्याच दोषारोपपत्रात जोडलेली असली, तर ती कोणत्या कायद्याखाली घेतली होती हे वेगळे विचारावे. एका कायद्याखालचा आदेश दुसऱ्या कायद्याच्या सवलतींच्या आडोशाला नेला जात नाही ना, हे अशा वेळी नेमके दिसते.

तारखा मोजणे

एक फूलस्केप कागद घ्यावा, आडवा धरावा आणि त्यावर पाच रकाने आखावेत: आदेश क्रमांक, सहीची तारीख, मुदत संपण्याची तारीख, त्या आदेशाखालचे पहिले संभाषण आणि शेवटचे संभाषण. नियम 419-अ प्रमाणे एक आदेश जास्तीत जास्त 60 दिवस चालतो, त्याचे नूतनीकरण करता येते, पण सगळे मिळून 180 दिवसांपलीकडे जाता येत नाही. नव्या नियमांतही याच मर्यादा आहेत.

समजा, पहिला आदेश 10 जानेवारी 2023 रोजी सही झाला. सहीचा दिवस धरला तर साठावा दिवस 10 मार्चला येतो, तो सोडला तर 11 मार्चला. नूतनीकरणाच्या आदेशावर सही 17 मार्चची आहे. आता ट्रान्सक्रिप्टमधील सर्वांत घातक संभाषण 14 मार्चच्या रात्री 9 वाजून 40 मिनिटांचे निघाले, तर त्या क्षणी फोन ऐकण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. नूतनीकरणाच्या आदेशात "मागील आदेशाच्या पुढे चालू" असे लिहून ही पोकळी भरून निघत नाही. अशी पोकळी मिळाली की तिथे लाल पेनाने खूण करावी. पुढचा बराचसा युक्तिवाद त्या खुणेभोवती उभा राहतो.

तातडीच्या आदेशांचे गणित आणखी बारकाईने करावे लागते. दुर्गम भाग किंवा कामाची निकड अशा कारणांनी गृह सचिवांची परवानगी आधी घेणे शक्य नसेल, तर राज्य पातळीवर पोलीस महानिरीक्षकापेक्षा कमी दर्जा नसलेला प्राधिकृत अधिकारी टॅपिंग सुरू करू शकतो. मात्र त्याने 3 कामकाजाच्या दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याला, म्हणजे गृह सचिवांना, कळवावे लागते आणि 7 कामकाजाच्या दिवसांत मंजुरी मिळावी लागते. शब्द "कामकाजाचे दिवस" असा आहे, म्हणून राज्य शासनाची सुट्ट्यांची यादी शेजारी ठेवावी. शुक्रवार, 3 मार्च 2023 रोजी तातडीचा आदेश निघाला असेल, तर शनिवार-रविवार गेले, सोमवारी 6 तारीख हा पहिला दिवस, मंगळवारी 7 तारखेला धुलिवंदनाची सुट्टी, म्हणून तिसरा दिवस गुरुवार, 9 मार्च आणि सातवा बुधवार, 15 मार्च. मंजुरीवर 16 तारीख असेल तर ती उशिरा आली आहे. 2024 च्या नियमांनी या बाबतीत मोठा फरक केला: मुदतीत मंजुरी न मिळालेल्या टॅपिंगमधील संदेश न्यायालयात पुरावा म्हणूनसुद्धा वापरता येणार नाहीत असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मकोकाखाली तातडीचा अधिकार अपर पोलीस महासंचालक दर्जाच्या अधिकाऱ्याला आहे आणि त्यानंतर 48 तासांत अर्ज करावा लागतो. तेथे तासांचा हिशेब मांडावा.

कारणे वाचणे

सही कोणाची हे पाहून झाल्यावर आदेशाच्या मजकुराकडे वळावे. "सार्वजनिक आणीबाणी" किंवा "सार्वजनिक सुरक्षिततेचे हित" यांपैकी एक गोष्ट अस्तित्वात असल्याशिवाय टॅपिंगचा अधिकारच निर्माण होत नाही. देशाची सार्वभौमता, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, गुन्ह्यास चिथावणी रोखणे ही कारणे त्यानंतरची पायरी आहेत. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज (पीयूसीएल) या संघटनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी हे सांगितले, आणि या दोन्ही परिस्थिती गुप्त स्वरूपाच्या नसतात, त्या सामान्य समजेच्या माणसालाही दिसून येतील अशा असतात, हेही सांगितले. सध्याचे सगळे नियम या निकालाच्या पोटातून आले आहेत, म्हणून तो मुळातून वाचावा.

प्रत्यक्षात अनेक आदेश कायद्याचे शब्द जसेच्या तसे उतरवतात. क्रमांक बदलला तर तोच आदेश दुसऱ्या कोणावरही चालेल असा तो असेल, तर मन लावून निर्णय घेतल्याची खूण त्यात नाही, असे म्हणता येते. दुसरा प्रश्न असा, की ही माहिती इतर मार्गाने मिळवता आली असती का, याचा विचार सक्षम प्राधिकाऱ्याने केला आहे का. नियमच तो विचार करायला सांगतो. तिसरे, आदेशातील मोबाइल क्रमांक, त्याच्या वापरकर्त्याचे नाव आणि मोबाइल कंपनीच्या नोंदीतील ग्राहकाचे नाव एकमेकांशी जुळवावे. एका अंकाचा फरकही टंकलेखनाची चूक म्हणून सोडून देऊ नये.

मुंबई उच्च न्यायालयाचा 22 ऑक्टोबर 2019 चा विनीत कुमार विरुद्ध सीबीआय हा निकाल येथे सर्वांत उपयोगी पडतो. आरोप बँक अधिकाऱ्याला लाच दिल्याचा होता. टॅपिंगचे 3 आदेश होते. न्यायालयाने पीयूसीएल आणि खासगीपणाच्या हक्कावरील 2017 च्या पुट्टस्वामी निकालाचा आधार घेऊन म्हटले, की या परिस्थितीत सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कोठेही दिसत नाही. तिन्ही आदेश रद्द केले आणि घेतलेली संभाषणे नष्ट करण्यास सांगितले. मद्रास उच्च न्यायालयाने 2025 मध्ये लाचेच्याच एका प्रकरणात हाच मार्ग धरला. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र मोठ्या रकमांचा भ्रष्टाचार सार्वजनिक सुरक्षिततेच्या कक्षेत येऊ शकतो असा दृष्टिकोन घेतला. दोन्ही बाजूंचे निकाल सोबत न्यावेत आणि विरोधी निकाल आपणहून न्यायालयापुढे ठेवावा. मला स्वतःला मुंबईचा निकाल योग्य वाटतो, कारण प्रत्येक गंभीर गुन्हा सार्वजनिक सुरक्षितता म्हणून मोजायचा ठरवला तर कलमातील ते शब्द उरतच नाहीत.

सरकारी वकिलाकडून काय मागावे

सरकारी वकील तपास यंत्रणेचा वकील नसतो, हे आपल्या राज्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाला स्वतंत्रपणे सांगावे लागले आहे. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1995 च्या निकालात सहायक सरकारी वकिलांना पोलीस खात्याच्या नियंत्रणातून बाहेर काढून त्यांचे स्वतंत्र संवर्ग करण्याचा निर्देश राज्य शासनाला दिला गेला. शिवकुमार विरुद्ध हुकमचंद या 1999 च्या निकालानेही हेच बजावले, की कसेही करून शिक्षा मिळवणे हे सरकारी वकिलाचे काम नाही, आणि आरोपीच्या बाजूची बाब दिसली तर ती न्यायालयापुढे आणणे त्याच्या कर्तव्यात येते.

दुसऱ्या बाजूने, तपास कसा करावा हे सरकारी वकील ठरवत नाही. सरला विरुद्ध वेलू या 2000 च्या निकालाने ती रेषा आखून दिली आहे. त्यामुळे गुप्तवार्ता कोणी दिली, टॅपिंग कोणत्या शाखेने केले, त्यातून काय निवडले आणि काय वगळले, हे त्यालाही पुष्कळदा दोषारोपपत्रासोबतच कळते. म्हणून चांगला सरकारी वकील दोषारोपपत्राची छाननी करतानाच तपास अधिकाऱ्याकडून काही कागद मागून घेतो: आदेशाची मूळ प्रत, ज्या अर्जावर तो निघाला तो अर्ज, आढावा समितीचा निष्कर्ष, आणि मोबाइल कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याची, म्हणजे असे आदेश स्वीकारण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची, पोच. शेवटची पोच क्षुल्लक वाटते, पण नियम 419-अ प्रमाणे कंपनीने दर 15 दिवसांनी मिळालेल्या आदेशांची यादी खातरजमेसाठी यंत्रणेकडे पाठवायची असते. पोलिसांच्या कागदांवर अवलंबून नसलेली ही नोंद असते, आणि तारखांची सरमिसळ असेल तर ती इथे उघडी पडते.

आढावा समितीबद्दल जरा थांबून सांगतो. राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष असतात, विधी व न्याय विभागाचे सचिव आणि गृह सचिव सोडून आणखी एक सचिव सदस्य असतात. आदेशाची प्रत 7 कामकाजाच्या दिवसांत तिच्याकडे जायला हवी आणि 2 महिन्यांतून एकदा तरी तिची बैठक व्हायला हवी. दोषारोपपत्रात हा निष्कर्ष नसेल, तर सरकारी वकिलांना आधी साध्या पत्राने विचारावे. उत्तर आले नाही तर अर्ज करावा.

कागद मागण्याचा कायदेशीर पाया असा आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 खाली, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 207 खाली, ज्या कागदांवर सरकार पक्ष विसंबतो त्यांच्या प्रती मिळतात. गोपालकृष्णन विरुद्ध केरळ राज्य या 2019 च्या निकालाप्रमाणे मेमरी कार्डवरील मजकूरही दस्तऐवजच असतो, म्हणून ट्रान्सक्रिप्टवर समाधान न मानता ध्वनिमुद्रणाची प्रत मागावी. ज्यांवर सरकार पक्ष विसंबत नाही अशा सामग्रीची यादी मागण्यासाठी मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा 2022 चा निकाल दाखवावा. शंभर संभाषणांतून सातच सादर झाली असतील तर उरलेली त्र्याण्णव या यादीत यायला हवीत. कलम 94 खाली, म्हणजे जुन्या कलम 91 खाली, कागद हजर करण्याचा अर्ज दोषारोप निश्चितीच्या टप्प्यावर केला तर देबेंद्रनाथ पाढी हा 2004 चा निकाल आडवा येतो; तेव्हा नित्य धर्मानंद या 2017 च्या निकालातील मार्ग घ्यावा, म्हणजे रोखून ठेवलेली सामग्री निर्विवाद दर्जाची आहे आणि तिच्याशिवाय न्याय होणार नाही, हे अर्जात नेमकेपणाने लिहावे.

मकोका प्रकरणात काम सोपे होते. टॅपिंगचा आदेश आणि त्यामागचा अर्ज यांच्या प्रती किमान 10 दिवस आधी दिल्याशिवाय ती संभाषणे पुराव्यात घेता येत नाहीत, असे तो कायदाच म्हणतो. न्यायालय ही मुदत माफ करू शकते, पण आरोपीचे नुकसान होणार नाही असे आढळले तरच. प्रती मिळाल्याची पोच देताना तारीख स्वतःच्या अक्षरात घालावी.

"गोपनीय आहे" असे उत्तर आले तर

भारतीय साक्ष्य अधिनियमाची कलमे 129 आणि 130 शासकीय गुपिते आणि विश्वासाने दिलेली माहिती यांना संरक्षण देतात, आणि कलम 131 प्रमाणे गुन्ह्याची खबर कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही. म्हणून उलटतपासणीत खबऱ्याचे नाव विचारू नये. हरकत येते, ती मान्य होते आणि साक्षीदाराला उसंत मिळते. खबर कोणत्या तारखेला, किती वाजता मिळाली, ती कोणत्या नोंदवहीत घेतली, आणि त्या वेळी टॅपिंग आधीच सुरू होते का, हे विचारावे. या प्रश्नांना कलम 131 आड येत नाही, आणि ज्या खबरीवरून टॅपिंग सुरू झाले असे सांगितले जाते ती खबरच टॅपिंगमधून आली होती का, हे याच उत्तरांतून बाहेर येते.

संपूर्ण कागद सीलबंद लिफाफ्यात न्यायाधीशांना दाखवण्याची तयारी सरकार पक्षाने दाखवली, तर 5 एप्रिल 2023 चा माध्यमम ब्रॉडकास्टिंगचा निकाल काढावा. त्या प्रकरणात इंटेलिजन्स ब्युरोच्याच अहवालांवर सरकारची भिस्त होती. तपास यंत्रणांचे सगळे अहवाल आपोआप गोपनीय ठरत नाहीत, आणि राष्ट्रीय सुरक्षेचा दावा आधाराशिवाय करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. व्यवहारात मागणी अशी ठेवावी, की संवेदनशील नावे काळी करून उरलेला मजकूर द्यावा. ही मागणी नाकारणे सरकार पक्षाला फार अवघड जाते. माहिती अधिकाराचा अर्ज हा मात्र इथला मुख्य मार्ग नव्हे. कलम 24 ने इंटेलिजन्स ब्युरो आणि रॉ यांना, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप वगळता, कायद्याबाहेर ठेवले आहे.

हरकत कोठे घ्यावी

येथे अशिलाला खोटी आशा दाखवू नये. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1972 च्या निकालापासून नवज्योत संधू या 2005 च्या निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालयाने हेच धरले आहे, की पुरावा बेकायदा मार्गाने मिळवला एवढ्याच कारणाने तो अग्राह्य ठरत नाही. सत्र न्यायाधीशांपुढे फक्त "टॅपिंग बेकायदा होते" एवढेच म्हटले, तर हे निकाल समोर येतात आणि अर्ज फेटाळला जातो. म्हणून आदेशालाच आव्हान द्यावे, आणि ते उच्च न्यायालयात, अनुच्छेद 226 खालील रिट याचिकेने. विनीत कुमार प्रकरणात तसेच झाले. फूलस्केपवरचा तो तक्ता याचिकेला जोडावा. न्यायमूर्तींची नजर आधी त्याच्याकडे जाते.

सत्र न्यायालयात त्याच वेळी तांत्रिक हरकती नोंदवून ठेवाव्यात. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतचे प्रमाणपत्र जुन्या कायद्यात कलम 65-ब खाली होते आणि जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, 14 जुलै 2020 रोजी, ते अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहावे लागते. प्रमाणपत्रातील मूल्य आणि प्रत्यक्ष मिळालेल्या प्रतीचे मूल्य आपल्या तंत्रज्ञाकडून पडताळून घ्यावे. आवाजाचा नमुना घेतला असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश मागावा. ही हरकत ध्वनिमुद्रण निशाणी म्हणून नोंदले जाण्यापूर्वीच लेखी द्यावी; नंतर घेतलेली हरकत उशिराची ठरते.

खटल्यापलीकडचे एक काम राहते, आणि ते फारसे कोणी करत नाही. मकोकाच्या कलम 27 प्रमाणे टॅपिंगसाठी आलेले अर्ज, मंजूर आणि नामंजूर झालेले अर्ज, तातडीची प्रकरणे आणि त्यांतून झालेल्या शिक्षा यांचा वार्षिक अहवाल राज्य शासनाने कॅलेंडर वर्ष संपल्यापासून 3 महिन्यांत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवायचा असतो. सुरक्षिततेला बाधक भाग वगळण्याची मुभा आहे. आपल्या मतदारसंघातील आमदारांना पत्र लिहून हा अहवाल शेवटचा कधी ठेवला गेला, असा प्रश्न अधिवेशनात विचारायला सांगावे. पत्रात कलमाचा क्रमांक लिहावा.

रिट याचिकेच्या विनंती परिच्छेदात आदेश रद्द करण्याच्या मागणीखाली आणखी एक मागणी हमखास घालावी: घेतलेली सर्व संभाषणे, त्यांच्या प्रती आणि ट्रान्सक्रिप्ट नष्ट करावीत, आणि ती नष्ट केल्याचे प्रतिज्ञापत्र जबाबदार अधिकाऱ्याने ठरावीक मुदतीत दाखल करावे. ही मुदत दिवसांत लिहावी, आणि ती संपण्याची तारीख त्याच फूलस्केपच्या तळाशी नोंदवून ठेवावी.